ईमची शीव

इंग्लंडला जाणारा आपल्याकडील प्रवासी बहुधा लंडन पाहतो, शेक्सपिअरचे गाव पाहतो, ऑक्सफर्ड-केंब्रिजपैकी एखादे पाहतो आणि वेळ उरलाच तर वर्ड्स्वर्थच्या सरोवरांकडे वळतो. खेडे पाहावे म्हणून खेड्यात जाणारे थोडेच. जे जातात त्यांच्याही डोळ्यांपुढे बिस्किटांच्या डब्यावरचे चित्र असते : गवताने शाकारलेले घर, दारावर गुलाबाची वेल, पलीकडे चर्चचा मनोरा. आज ज्या खेड्याविषयी आम्ही बोलणार आहोत तेथे मनोरा आहे, गुलाबही आहेत. परंतु त्याच्या एकुलत्या लांब रस्त्याने चालताना माणूस थबकतो तो घरापुढच्या पाट्यांशी. पाटीवर त्या घरात कोण कोण वारले आणि कोणत्या तारखेस वारले, एवढेच लिहिलेले असते. एका घरापुढे दोन नावे, दुसऱ्यापुढे पाच, तिसऱ्यापुढे नऊ. साल मात्र सगळीकडे तेच, १६६५ किंवा १६६६.

या गावाचे नाव ईम. डर्बीशर परगण्यात, शेफील्ड शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे बारा मैलांवर ते आहे. शेफील्डहून निघालेली आगगाडी साडेतीन मैलांच्या अंधाऱ्या बोगद्यात शिरते आणि बाहेर पडते ती थेट ग्रिंडलफर्डच्या छोट्या स्थानकात. लोखंड-पोलादाच्या शहरातून एकदम झाडीत येऊन पडल्यासारखे वाटते. तेथून चढणीच्या वाटेने तास-दीड तास चालले की ईम लागते. हा सारा टापू १९५१ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, ब्रिटनमधील पहिले. गावाच्या उत्तरेस काळसर वालुकाश्माची उघडी पठारे, दक्षिणेस पांढऱ्या चुनखडीच्या खोल घळी, आणि दोहोंच्या सांध्यावर हे गाव. घरे दगडाची, छपरेही दगडी पाट्यांची. सतराव्या शतकात येथील माणसे शिशाच्या खाणी खणत, मेंढ्या राखत आणि थोडीफार शेती करीत. राजधानीशी त्यांचा संबंध जवळजवळ नव्हता. तो जडला एका कापडाच्या गठ्ठ्यामुळे.

१६६५ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये प्लेगने कहर मांडला होता. ऑगस्टअखेरीस ईमच्या अलेक्झांडर हॅडफील्ड नावाच्या शिंप्याकडे लंडनहून कापड आले. ते ओलसर होते म्हणून त्याचा साहाय्यक जॉर्ज व्हिकर्स याने ते विस्तवापुढे वाळत घातले, आणि त्यातील पिसवा उबेने जाग्या झाल्या, असे सांगतात. ७ सप्टेंबर रोजी व्हिकर्सला मूठमाती मिळाली. पंधरवड्यातच त्या घरातला मुलगा एडवर्ड कूपर गेला, मग त्याचा भाऊ जॉनथन. मग शेजारची घरे. ऑक्टोबरमध्ये वीसहून अधिक माणसे दगावली. थंडी पडल्यावर साथ मंदावली. पण १६६६ च्या जूनमध्ये ती पुन्हा उसळली, आणि जे थोडेबहुत पैसेवाले होते ते गाव सोडू लागले.

गावचा धर्मोपदेशक विल्यम माँपेसन हा तेव्हा अवघा अठ्ठावीस वर्षांचा होता. येऊन त्याला पुरती दोन-तीन वर्षेही झाली नव्हती, आणि गावाचे मन त्याच्यावर फारसे बसले नव्हते. त्याला कारण होते. त्याच्या आधीचा उपदेशक टॉमस स्टॅन्ली हा प्युरिटन पंथाचा. राजा परत आल्यानंतर १६६२ मध्ये राजमान्य प्रार्थनापुस्तक स्वीकारण्याची सक्ती झाली. ती न मानल्यामुळे त्याची जागा गेली. तरी तो गावाच्या आसपासच होता आणि लोक त्यालाच मानीत होते. म्हणजे एकाकडे अधिकार होता आणि दुसऱ्याकडे शब्दाची पत. त्या काळी अशी दोन माणसे एकमेकांच्या सावलीस उभी राहत नसत. ईममध्ये ती एकत्र आली, आणि आमच्या मते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत मोठी गोष्ट हीच. पुढे जे घडले ते एकट्या माँपेसनच्या हातून घडते ना, हे मागाहूनच्या बहुतेक अभ्यासकांनीही मान्य केले आहे. चरित्रलेखकांना मात्र एकच नायक लागतो.

दोघांनी मिळून गावापुढे तीन गोष्टी ठेवल्या. पहिली, यापुढे चर्चच्या आवारात दफन नाही; ज्याने त्याने आपला माणूस आपल्या शेतात किंवा परसात पुरावा. दुसरी, चर्चला कुलूप; प्रार्थना उघड्यावर होईल आणि कुटुंबे एकमेकांपासून दूर उभी राहतील. तिसरी, गावाच्या शिवेबाहेर कोणी जावयाचे नाही. पहिल्या दोन गोष्टी ऐकायला सोप्या वाटतील. पण ज्या समाजात पवित्र मातीत, घंटानादासह मूठमाती मिळाली नाही तर मृताची गती काय, अशी धास्ती होती, त्या समाजाने बापाला बांधाच्या कडेला पुरण्याचे कबूल केले, हे लक्षात घेतले पाहिजे. तिसऱ्या गोष्टीचा अर्थ तर उघडच होता.

गावाच्या दक्षिणेस स्टोनी मिडलटन नावाचे गाव आहे. दोन गावांच्या मध्ये, कुरणात, एक बेडौल धोंडा पडलेला आहे. त्यावर सहा खळगे आहेत. ईमचे लोक त्या खळग्यांत व्हिनेगर ओतून नाणी टाकून जात. शेजारचे लोक येऊन नाणी उचलीत आणि भाकरी, मांस, औषध ठेवून निघून जात. उत्तरेकडच्या उंचवट्यावर एक झरा आहे, त्याला आता माँपेसनची विहीर म्हणतात; तेथे नाणी वाहत्या पाण्यात टाकीत. रोग कशाने होतो हे कोणासच ठाऊक नव्हते. दूषित हवा म्हणत, ईश्वरी कोप म्हणत. परंतु आंबट द्रवाने आणि वाहत्या पाण्याने वस्तू शुद्ध होते असा व्यवहारातला अनुभव होता, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. खळग्यांच्या कडा आता गुळगुळीत झाल्या आहेत. येणारे प्रवासी आजही त्यात पेनी टाकतात. आपल्याकडे शिवेवरच्या म्हसोबापुढे नाणे ठेवतात त्याची आम्हांला आठवण झाली. फरक एवढाच की येथील नाणे देवाला नव्हते, भाकरीवाल्याला होते.

प्रार्थना कक्लेट डेल्फ नावाच्या घळीत होत. तेथे चुनखडीच्या खडकात निसर्गानेच कमानी कोरल्या आहेत. त्यांतील एकीत उभा राहून माँपेसन बोले आणि समोरच्या उतारावर लोक विखरून उभे राहत. स्टोनी मिडलटनचा रोलंड टॉर नावाचा एक तरुण रोज या घळीपर्यंत येई आणि पलीकडे उभ्या असलेल्या एमट सिडल या आपल्या वाग्दत्त वधूला दुरून पाहून परत जाई, अशी कथा आहे. एप्रिल १६६६ मध्ये ती दिसेनाशी झाली. साथ संपल्यावर गावात प्रथम शिरणाऱ्यांत तो होता असे म्हणतात. ही कथा गावच्या प्रत्येक पुस्तकात आहे, नाटकांतही आली आहे. एमटच्या मृत्यूची नोंद मिळते. रोलंडचे रोजचे येणे मात्र परंपरेच्या भरवशावर घ्यावयाचे.

आम्हांला अधिक जड गेली ती दुसरी जागा. गावाच्या पूर्वेस अर्ध्या मैलावर, उघड्या उतारावर, दगडी भिंतीचे एक लहानसे वर्तुळ आहे. त्याला रायलीची थडगी म्हणतात. रायली हे शेताचे नाव. तेथे पुरलेल्यांचे आडनाव हॅनकॉक. १६६६ च्या ऑगस्टमध्ये, ३ तारखेपासून १० तारखेपर्यंतच्या आठ दिवसांत, एलिझाबेथ हॅनकॉक या बाईने आपला नवरा आणि सहा मुले येथे पुरली. खड्डे तिनेच खणले, प्रेते तिनेच ओढीत आणली. स्टोनी मिडलटनची माणसे समोरच्या टेकडीवरून ते पाहत होती असे म्हणतात. खाली येण्याची कोणाची छाती झाली नाही. ती स्वतः जगली, आणि पुढे शेफील्डला असलेल्या आपल्या उरलेल्या मुलाकडे गेली. वर्तुळात उभे राहिले म्हणजे सारी दरी दिसते. वारा सतत असतो. या बाईने पुढे काही सांगितले असल्यास ते कोणी लिहून ठेवले नाही. पत्रे लिहिली ती माँपेसनने.

त्याच ऑगस्टच्या २५ तारखेस माँपेसनची पत्नी कॅथरिन वारली. तीही आजाऱ्यांच्या घरी जात होती. तिची कबर चर्चच्या आवारात, आठव्या शतकातील एका सुंदर कोरीव क्रूसाजवळ आहे. १ नोव्हेंबर १६६६ नंतर साथीचा मृत्यू नाही. महिन्याच्या २० तारखेस माँपेसनने आपल्या नातलगास लिहिलेल्या पत्रात हिशेब दिला आहे : शहात्तर कुटुंबांत रोग शिरला आणि त्यांतील दोनशे एकोणसाठ माणसे मेली. आसपासच्या गावांत साथ पसरली नाही.

येथपर्यंत झाली ती गावाने सांगितलेली गोष्ट. इतिहासाच्या अभ्यासकाला येथेच थांबून चालत नाही, आणि आम्हीही थांबणार नाही.

पहिला प्रश्न संख्येचा. साडेतीनशे वस्तीपैकी त्र्याऐंशीच वाचले, असे पिढ्यान्‌पिढ्या छापले गेले. परंतु त्या काळी चुलींवर कर होता, त्याच्या याद्या उपलब्ध आहेत; त्यांवरून वस्ती सातशेच्या आसपास होती असे आता मानतात. म्हणजे गाव पाऊणहिस्सा नव्हे, तिसऱ्या हिश्श्याहून थोडे अधिक मेले. ही संख्या लहान झाली म्हणून ती भयंकर राहिली नाही असे कोणी म्हणणार नाही. दुसरा प्रश्न समतेचा. सधन घराण्यांपैकी काही आधीच निघून गेली होती. माँपेसनने स्वतःची दोन मुले यॉर्कशरला पाठवून दिली होती. शिवेचा निर्बंध होण्यापूर्वीच ती गेली, हे खरे. तरी पाठवायला ठिकाण असणे हीसुद्धा एक मिळकत असते. खाणीत राबणाऱ्याने कोठे जावयाचे होते? टाइड्जवेलच्या बाजारात गेलेल्या ईमच्या एका बाईला लोकांनी चिखल-दगड मारून हाकलून दिले, अशी आठवण त्या भागात सांगतात. अशा स्थितीत राहणे ही सर्वस्वी निवड होती असे म्हणता येत नाही.

तिसरा प्रश्न त्याहून अवघड आहे. समकालीन पुरावा म्हणजे माँपेसनची तीन पत्रे आणि चर्चची मृत्युनोंद. बाकीची कथा मागाहून लिहिली गेली. ईममध्येच जन्मलेल्या ॲना सीवर्ड या कवयित्रीने शंभर वर्षांनी, १७६५ मध्ये, तिला भावनेचा रंग दिला. गावच्याच विल्यम वुडने १८४२ मध्ये लोकांच्या तोंडच्या आठवणी गोळा करून पुस्तक केले. १८६६ मध्ये द्विशताब्दी थाटाने झाली. पॅट्रिक वॉलिस या अभ्यासकाने २००६ मध्ये दाखवून दिले की प्रत्येक काळाने या गोष्टीतून आपल्याला हवे ते उचलले. अठराव्या शतकाला हळवा प्रेमी नायक हवा होता, व्हिक्टोरियन काळाला कर्तव्यनिष्ठ पाद्री, आणि पुढे जाहीर आरोग्याच्या युगाला शिस्तीने घरात राहणारी जनता. २०२० मध्ये करोनाच्या साथीत जगभरच्या वृत्तपत्रांना ईम पुन्हा आठवले, ते याच शेवटच्या रूपात.

हे सारे मान्य करूनही काही उरते का? आमच्या मते पुष्कळ उरते. त्या काळी इंग्लंडात प्लेगचा कायदा होता. १६०४ च्या कायद्याने रोग्याचे घर बंद करता येई, दारावर पहारेकरी बसे, आणि अंगावर गाठ असताना बाहेर हिंडणारास देहान्ताची शिक्षा होती. लंडनमध्ये दारावर तांबडा क्रूस काढून सबंध कुटुंब चाळीस दिवस आत कोंडीत. निरोगी माणसे रोग्याबरोबर मरत. ईममध्ये घरे बंद केल्याचे आढळत नाही. बंद केली ती गावाची शीव. आणि तिच्यावर पलटण उभी होती असाही पुरावा नाही. गाव आतून बंद झाले, बाहेरून नव्हे.

पुण्याच्या श्रोत्यांपुढे हे वाक्य उच्चारताना मनात जे येते ते सांगून टाकणेच बरे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास या गोमंतकीय वैद्याने गाठीचा ताप ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथीच्या रोगांचा कायदा मंजूर केला. हाच कायदा २०२० मध्ये पुन्हा लागू झाला. पुण्यास वॉल्टर चार्ल्स रँड याची नेमणूक झाली आणि मार्चपासून गोरे सोजीर घरोघर शिरू लागले. रोगी हुडकून इस्पितळात, सोबतची माणसे छावणीत, सामान होळीत. देवघरे आणि माजघरे यांचा विधिनिषेध राहिला नाही. स्त्रियांची तपासणी उघड्यावर झाल्याच्या तक्रारी झाल्या. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय झाले ते आपल्याकडील शाळकरी मुलालाही माहीत आहे. आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड ३ जुलैला गेला, आणि चापेकर बंधू फासावर चढले.

आता, रोग्याला वेगळे ठेवावे हे तत्त्व ईममध्ये होते आणि पुण्यातही होते. वैद्यकीय दृष्टीने पुण्याचा अंमल सतराव्या शतकातील खेड्यापेक्षा अधिक शास्त्रीय होता असेही कोणी म्हणेल. परंतु ईममध्ये निर्बंध घालणारा माणूस त्या निर्बंधाच्या आत राहत होता. त्याची बायको त्याच रोगाने मेली. पुण्यात निर्बंध घालणारे कॅम्पात राहत होते. पुण्यातही शिवेच्या आत राहणारी माणसे होतीच, आणि तीही आठवली पाहिजेत. डॉ. यशवंत फुले यांनी हडपसरच्या बाजूस रोग्यांसाठी दवाखाना मांडला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घालून तेथे आणताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या. कॅथरिन माँपेसनच्या कबरीपुढे उभे राहिल्यावर आम्हांला दुसरे कोणतेही नाव आठवले नाही.

रोगाचे कारण उलगडले ते मात्र आपल्याच बाजूच्या साथीत, आणि ते ईमला लागू करून पाहिले म्हणजे गोष्ट पुन्हा निराळी दिसू लागते. १८९४ मध्ये हाँगकाँगला अलेक्झांडर येर्सिन याला जंतू सापडला. १८९८ मध्ये कराचीस, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातच, पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदरावरची पिसू हा रोग नेते असे प्रयोगाने दाखविले. प्रारंभी त्याचे कोणी ऐकले नाही. पुढे मुंबईतील संशोधनाने ते पक्के झाले. तोवर हिंदुस्थानात लाखो माणसे गेली होती. एकूण बळी एक कोटीच्या वर जातात. उंदीर आणि पिसू यांना माणसांनी मान्य केलेली शीव समजत नाही. मग ईमच्या लोकांनी घरे सोडून माळावर झोपड्या घातल्या असत्या तर कदाचित अधिक वाचले असते! दख्खनच्या खेड्यांनी पुढे नेमके हेच केले. उंदीर पडू लागले की गाव ओस पडे आणि शेतात खोपटी उभी राहत. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आजी-पणजीकडून चालत आलेली 'प्लेगात रानात राहिलो' ही आठवण असेल. सरकारी डॉक्टरांनाही सक्तीच्या झडत्यांपेक्षा हा उपाय गुणकारी आहे हे कालांतराने पटले.

तरी ईमच्या बाबतीत आणखी एक वळण आहे. २०१६ मध्ये लिलिथ व्हिटल्स आणि झाव्हिए दिदलो यांनी तेथील मृत्युनोंद गणिताने तपासली. कोणत्या घरात कोणामागून कोण, किती दिवसांनी गेले हे पाहता सुमारे तीन-चतुर्थांश लागण माणसाकडून माणसाला झाली असावी, असा त्यांचा निष्कर्ष आहे. मग ती माणसांच्या अंगावरील पिसवा-उवांनी असो की श्वासाने. हा निष्कर्ष टिकला तर शीव बंद करण्याने शेजारची गावे वाचली ही जुनी समजूत अगदी भाबडी ठरत नाही. शिकलेल्यांनी एखादी समजूत मोडीत काढावी आणि अधिक शिकलेल्यांनी ती पुन्हा उचलून धरावी, असे इतिहासात अनेकदा होते. मृत्युनोंद काळजीपूर्वक राखली गेली म्हणून साडेतीनशे वर्षांनी हा हिशेब मांडता आला. मूळ नोंदीवरून उतरविलेली तिची प्रत आज उपलब्ध आहे. ज्यांना ईम समजून घ्यावयाचे आहे त्यांनी कथापुस्तकांआधी तीच पाहावी.

भाकरी कोठून येत होती, हे अद्याप सांगावयाचे राहिले. ईमहून सहा मैलांच्या आत चॅट्सवर्थ आहे. डेव्हनशरचा तिसरा अर्ल विल्यम कॅव्हेंडिश याने ईमला अन्न पुरविण्याचे पत्करले, आणि त्या शब्दावर तिसरी अट उभी राहिली. उपाशी गाव पंधरा दिवसदेखील शिवेच्या आत राहिले नसते. या अर्लचा बाळपणीचा शिक्षक टॉमस हॉब्ज हा तत्त्ववेत्ता; म्हातारपणीही तो त्याच घराण्याच्या आश्रयाला होता. तलवारीचा धाक नसेल तर माणसांनी आपसात केलेला करार हे नुसते शब्द, असे त्याने १६५१ च्या आपल्या ग्रंथात मोठ्या हुशारीने सिद्ध केले होते. आपल्या धन्याच्या कोठारातून जिकडे भाकरी जात होती त्या गावाविषयी त्याला काय वाटले, हे विचारण्याचा मोह आम्हांला झाला.

चॅट्सवर्थचा आजचा प्रासाद त्यानंतरचा. १६८७ पासून तो नव्याने बांधला गेला. चित्रे, पुतळे, पायऱ्यांवरून खळखळत येणारे पाणी, यांचे वर्णन मार्गदर्शकांत भरपूर असते, ते आम्ही करीत नाही. आम्हांला रस वाटला तो दोन गोष्टींत. सहाव्या ड्यूकचा माळी जोसेफ पॅक्स्टन याने येथे प्रचंड काचगृह उभारले, आणि तो अनुभव घेऊन १८५१ च्या प्रदर्शनाचा स्फटिकप्रासाद लंडनमध्ये रचला. याच पॅक्स्टनने १८३० नंतरच्या दशकात येथील उष्णगृहात एक ठेंगणी केळ फळास आणली. ड्यूकच्या घराण्यावरून तिला कॅव्हेंडिश हे नाव पडले. आपली जळगावची बसराई त्याच कॅव्हेंडिश कुळातली, आणि अलीकडची ग्रँड नैनही. खानदेशातील बाजारात केळीचा घड उचलणाऱ्याला आपण एका इंग्रज सरदाराचे नाव उचलीत आहोत याची कल्पना नसते, आणि नसली तरी बिघडत नाही.

दुसरी गोष्ट एन्झर या गावाची. (याचेही स्पेलिंग आणि उच्चार यांची सोयरीक नाही.) प्रासादाच्या खिडकीतून ते दिसे, म्हणून सहाव्या ड्यूकने १८३८ नंतरच्या चार-पाच वर्षांत ते उचलून टेकडीआड नेऊन वसविले. नवी घरे देखणी आहेत. एक स्विस पद्धतीचे, दुसरे इटालियन, तिसरे किल्ल्यासारखे. जुन्या गावाचे एक घर मात्र मूळ जागी एकटे उभे आहे. दोन-अडीच तासांच्या चालीत ही दोन गावे आहेत : एक जागचे हलायचे नाही असे ठरवून बसलेले, दुसरे मालकाच्या नजरेआड व्हावे म्हणून हलविलेले. दोहोंमागे घराणे तेच. ईमच्या भाकरीबद्दल त्या घराण्याचे आभार मानताना एन्झरही ध्यानात ठेवावे.

आसपास पाहण्यासारखे आणखीही आहे. हॅडन हॉल हा मध्ययुगीन वाडा दीर्घकाळ ओस राहिल्यामुळेच बिघडला नाही. विसाव्या शतकात तो काळजीने सावरला गेला. हेदरसेजला शार्लट ब्राँटे १८४५ मध्ये राहिली होती. तिच्या नायिकेचे आयर हे आडनाव त्या भागातील थडग्यांवर जागोजाग दिसते. बेकवेलचा गोड पदार्थ नावाजलेला आहे. तो आम्हांला फार गोड लागला. ऑगस्टच्या अखेरीस जाणाऱ्याला डर्बीशरची एक जुनी रीत पाहावयास मिळते : लाकडी पाटावर ओली माती थापून तीत फुलांच्या पाकळ्या, पाने, बिया दाबून चित्र करतात आणि ते विहिरीपाशी उभे करतात. रांगोळी काढणाऱ्या हातांना यात नवे काही वाटणार नाही. त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी ईमचे लोक मिरवणुकीने कक्लेट डेल्फच्या घळीत जातात आणि तेथे उघड्यावर प्रार्थना होते. कॅथरिनच्या कबरीवर फुले ठेवतात.

स्टॅन्ली १६७० मध्ये ईममध्येच वारला. माँपेसन त्या सुमारास नॉटिंगहॅमशरमधील ईकरिंग या गावी बदलून गेला. ईमहून प्लेगवाल्यांचा पाद्री येतो आहे हे कळल्यावर तेथील लोकांनी त्याला गावात घेण्याचे नाकारले. साथ सरून तीन वर्षे होऊन गेली होती, तरी काही काळ त्याला जवळच्या रफर्डच्या राईत एका झोपडीत राहावे लागले. पुढे भीती ओसरली, त्याने पुन्हा लग्न केले, आणि १७०९ मध्ये ईकरिंगलाच त्याला मूठमाती मिळाली. कॅथरिनच्या शेजारची जागा रिकामी आहे.